जरा हात लाव

प्रिय बेटा,

तुझा मेसेज काल वाचला, आज पुन्हा वाचला. मोबाइलवर अंगठ्यानं असल्या गोष्टीचं उत्तर मला लिहिता येत नाही, म्हणून कागद घेतला आहे. लिहून झालं की फोटो काढून पाठवतो. अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस, "सर, आजी गेली आणि मला काहीच वाटलं नाही. पुण्याहून रात्रभर बसमध्ये येताना वाटत होतं, घरी पोचले की रडू येईल. पोचले, तर सगळ्या बाया रडत होत्या आणि मी मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधत होते. आंघोळीच्या वेळी आत्यानं हाक मारली, मी दारातूनच मागं सरले. तेरवी करून परत आले आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं. मी दगड झाले का?"

आता मी गोड बोलणार नाही. तू त्या म्हातारीच्या मांडीवर वाढलीस, बरं-वाईट तुला कळतं, 'सगळं ठीक होईल' हे सांगायला तुला माझी गरज नाही. तू दगड झालेली नाहीस. तू हात लावला नाहीस, इतकंच घडलं. आपल्या माणसाच्या मरणाला हात लावायचा असतो. मन मागून येतं. आधी हात, मग मन. मला या पत्रात हे एकच सांगायचं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. सत्तरीच्या जवळ आल्यावर माझ्यापाशी खात्रीनं सांगावं असं एवढंच उरलं आहे.

तुमच्या पिढीला एक सवय लागली आहे. काही झालं की लगेच आत वाकून बघता, मला काय वाटतंय? नोकरी लागली, काय वाटतंय. लग्न ठरलं, काय वाटतंय. घरातलं माणूस गेलं, काय वाटतंय. आत हवं ते दिसलं नाही की घाबरता. अगं, मन असं हाकेसरशी हजर होत नसतं. तुझ्या आजीची सासू गेली तेव्हा आजीनं मनात वाकून पाहिलं असेल का? तिनं पाणी तापवलं. सासूच्या केसांत तेल घातलं, वेणी घातली, लुगडं नेसवलं. बाहेर बसलेल्या माणसांची पोरं शेजारच्या घरी नेऊन जेवू घातली. आणि बऱ्याच दिवसांनी फडताळात सासूची तंबाखूची डबी सापडली तेव्हा न्हाणीत जाऊन पोटभर रडली. हे ती माझ्या बायकोला सांगत होती, मी छपरीत बसून ऐकलं आहे. तिच्या रडण्याआधी किती काम होऊन गेलं होतं ते बघ.

विहिरीला पाणी कमी झालं की काठावर बसून कोणी वाट पाहत नाही. आत उतरून गाळ उपसतात. उपसा झाला की झरे मोकळे होतात.

तू गाडगेबाबांचा दाखला दिलास. मुलगा गोविंद गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली तरी बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, असे कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडायचं, म्हणाले. मग मी नाही रडले तर काय बिघडलं, असं तू विचारतेस. ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते, पण तू ती अर्धीच घेतलीस. हे म्हणणाऱ्या माणसाचे हात जन्मभर काय करत होते, तेही बघायला हवं. १८७६ साली शेणगावात जन्म. बाप लवकर गेला, दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखली, वावर कसलं. १९०५ साली घर सोडलं. मग जन्मभर एकच रीत. गावात शिरलं की आधी झाडू. दिवसा गल्ल्या, गटारं, पाणवठे झाडायचे आणि रात्री कीर्तन. आधी कीर्तन आणि मग जमलं तर झाडू, असं त्यांनी केलेलं नाही. परक्यांच्या घाणीला, भुकेला, आजाराला ज्यानं रोज हात लावला, त्याचं रडणं आधीच कोट्यवधींमध्ये वाटलं गेलेलं होतं. तुझं-माझं तसं नाही. आपल्याच्यानं एका घरच्या माणसाला आंघोळ घालवत नाही आणि दाखला मात्र बाबांचा द्यायचा, हे मी चालू देणार नाही. बाबांचं शेवटचं वाक्य उचलायचं असेल तर आधी त्यांचा झाडू उचल.

रागावलो. असू दे. तू माझ्या शाळेतली मुलगी आहेस, तुझ्यावर नाही रागावणार तर कोणावर?

तू दारातून मागं का सरलीस ते तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं. भीती वाटली. थोडी किळसही आली असेल. ज्या हातांनी आपल्याला भरवलं तेच हात थंड, ताठ झालेले बघवत नाहीत. यात लाजण्यासारखं काही नाही. वरोऱ्याच्या बाबा आमट्यांचं तुला ठाऊक आहे. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेला वकील माणूस, स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहत होता. एका पावसाळी संध्याकाळी वाटेत कुष्ठरोगानं झडलेला, किडे पडलेला माणूस दिसला. तुळशीराम त्याचं नाव. आमटे घाबरून पळाले. हे त्यांनी कधी लपवलं नाही. मग परत आले, त्याच्या अंगावर आडोसा केला, त्याला भरवलं, तो मरेपर्यंत त्याची सेवा केली. आनंदवन त्यानंतर उभं राहिलं. आता यातलं काय आधी घडलं ते पाहा. भीती गेली आणि मग ते परतले, असं नाही झालं. भीती घेऊनच परतले. हात आधी पोचला, मन कितीतरी नंतर. भीती निघून गेल्यावर मी आजीजवळ जाईन, असं म्हणणारा माणूस दारातच राहतो. घाबरत घाबरत गडवाभर पाणी ओतायचं होतं, एवढंच.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. २००६ सालचा पावसाळा. तू तेव्हा लहान होतीस. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत गेलं होतं आणि ते कशासाठी गेलं होतं ते तुला सांगायला नको. पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच हंगामाच्या तोंडावर माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बापानं स्वतःला संपवलं. मग त्या घरी माणसांची रीघ लागली. कर्ज बँकेचं की सावकाराचं, सातबारा कोणाच्या नावावर, वसुलीचा तगादा होता का. असं प्रकरण समितीपुढे जातं आणि मरण 'पात्र' ठरतं किंवा 'अपात्र'. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजारांची ठेव. येणाऱ्यांवर माझा राग नव्हता, त्यांनाही कागद पुरा करायचा असतो. पण घरात पाऊल टाकणारा प्रत्येकजण त्या बाईला काहीतरी विचारत होता. तिच्याजवळ बसत कोणीच नव्हतं.

ती रडली नाही. गावात कुजबुज सुरू झाली, बाई दगड आहे म्हणून. तुझाच शब्द.

तेरवी झाली. मृगाचा पाऊस पडून गेला होता, सगळ्यांच्या वावरात पेरणीची घाई आणि हिचं रान तसंच पडलेलं. शाळेतला एक सहकारी, त्यांच्या शेजारचे दोघं आणि मी, कोणी न बोलावता सरकी घेऊन गेलो आणि मातीत टोबायला लागलो. थोड्या वेळानं ती मागून आली. ओटीत सरकी घेतली, वाकली आणि आमच्या बरोबरीनं टोबू लागली. बोलली काही नाही. दोन-चार तासं, म्हणजे ओळी, टोबून झाल्या असतील, मग धुऱ्यावर, बांधावर, बसली आणि अशी रडली की बाजूच्या वावरातली माणसं काम सोडून उभी राहिली. रडता रडता म्हणत होती, "कोनतं बियानं कोनत्या धुऱ्यानं लावाव, हे त्यायलेच मालूम होतं." तिला कोणी समजावलं नाही. आम्ही आपले टोबत राहिलो. ती उठली, डोळे पुसले आणि पुढचं तास धरलं. तिचा मुलगा आज तुझ्याएवढाच आहे आणि तेच वावर करतो.

तेव्हापासून कोणाच्याही घरी मी रिकाम्या हातानं भेटायला जात नाही. लाकडं फोडायची असतात, पाणी भरायचं असतं, आलेल्या माणसांसाठी चटया टाकायच्या असतात. 'धीर धरा' हे शब्द मी तेव्हापासून सोडून दिले.

आपल्या जुन्या माणसांनी ते तेरा दिवस कामांनी का भरून ठेवले असतील, याचा विचार कर. आंघोळ घालायची. तिरडी बांधायची. तीन-चार क्विंटल लाकूड जमवायचं, बाभळीचं, लिंबाचं, पेटवायला पऱ्हाटी. विसाव्याला थांबून खांदे बदलायचे. परत आल्यावर कडुलिंबाचा पाला चावायचा. त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणायची. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, ज्या हाडांना आपण मिठी मारत होतो ती स्वतःच्या हातांनी वेचायची. प्रत्येक काम हाताचं आहे. 'आता सर्वांनी दुःख करावं' असं त्यात कुठेच नाही. यातलं सगळंच मी मानतो असं समजू नकोस. कर्ज काढून तेरवीच्या पंगती उठवणं मला कधीच पटलं नाही, आणि कर्ज काढून सण-विधी करू नका हे सांगता सांगता गाडगेबाबांचा जन्म गेला. पंगत गेली तर जाऊ दे. पण आता पंगत राहिली आणि हाताचं काम गेलं.

गावात काय चाललंय ते तुला पुण्यात बसून कळायचं नाही. कोणी गेलं की अर्ध्या तासात दोनशे मोबाइलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' येतं आणि बसायला येतात दहा माणसं. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागतो. तिरडीचं सगळं सामान दुकानात एका पिशवीत बांधून मिळतं. अडाण नदीच्या काठावरचं आपलं मोक्षधाम गावापासून एक किलोमीटरसुद्धा नाही, तरी मागल्या वर्षी ग्रामसभेत विषय निघाला की तालुक्यावरून स्वर्गरथ बोलवायचा, कारण खांदा द्यायला पोरं उरली नाहीत. मी उभा राहिलो. म्हटलं, पोरं नसतील तर म्हातारे देतील. म्हातारे थकले तर बाया देतील. वाटेत दहा वेळा थांबावं लागलं तरी थांबू, पण माझ्या डोळ्यांदेखत या गावातलं माणूस गाडीत घालून नदीवर जाणार नाही. लोक हसले, काही चिडले. एक जण म्हणाला, गुरुजी आता हट्टाला पेटले. पेटलो. तुझ्या आजीला आम्ही खांद्यावरूनच नेलं. त्यात साठीच्या आतला एकच होता. तू घरी बसून राहिलीस, कारण बायांनी यायचं नाही असं तुला कोणी तरी सांगितलं असेल. आली असतीस तर मी कोणाला अडवू दिलं नसतं. खांदा द्यायला तुझ्यासारखा धडधाकट माणूस आम्हाला हवाच होता.

मी एवढ्या हट्टानं का बोलतो, तेही ऐक.

तुझ्या काकूंना, माझ्या बायकोला, कॅन्सर झाला तेव्हा आधी आम्ही मुंबईला गेलो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, गावोगावचे रोगी आणि त्यांची माणसं तिथं राहतात. तिथले दिवस कठीण होते, पण वाईट नव्हते. मी स्वयंपाक शिकलो. तिला पचेल अशी मुगाची खिचडी करायचो, तिचे कपडे धुवायचो, रांगेत तिच्यासाठी उभा राहायचो. हाताला काम होतं. आजार परत उलटला तेव्हा मुलाच्या आग्रहानं तिला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं. ती आत, मी काचेच्या बाहेर. दिवसातून दोनदा थोडा वेळ आत सोडायचे, तेही कशाला हात लावायचा नाही असं बजावून. नळ्या, यंत्रं, पांढरा उजेड. ती मला शोधायची. मान वळवता येत नव्हती तर नुसते डोळे फिरवायची. माझे हात आयुष्यात इतके रिकामे कधीच नव्हते. ते दिवस मला कोणी परत देणार नाही, आणि याची खंत मी मरेपर्यंत बाळगणार.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, ही उठून चालेल का? त्यांनी मान हलवली. मग मी कागदांवर सह्या केल्या आणि तिला घरी आणलं. छपरीत बाज टाकली, तिथून लिंबाचं झाड दिसतं. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, त्या वेळच्या वेळी द्यायचो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. चमच्यानं पाणी. नखं काढायची, केस विंचरायचे, जे उरले होते तेवढे. टाचांना तेल लावायचं. ती गेली त्या दिवशी मी रडलो की नाही, मला खरंच आठवत नाही. तिच्या टाचांच्या भेगा मात्र माझ्या हाताला आजही आठवतात. डोळे मिटून सांगू शकतो कुठली भेग किती खोल होती.

मुलगा अजून म्हणतो, बाबा, तुम्ही आईला मरायला घरी आणलं, तिथं ठेवली असती तर आणखी एखादा महिना मिळाला असता. मी विचारतो, महिना कोणाला मिळाला असता? काचेला? तो वाईट मुलगा नाही. बंगळुरूहून रात्र रात्र जागून डॉक्टरांशी बोलत होता, पैशाला कधी मागं पाहिलं नाही. पण तो पोचला तेव्हा सगळं आवरलं होतं. त्याच्या हाताला त्याच्या आईचं काहीच आलं नाही, आणि म्हणून तो आजही तिच्या मरणाशी भांडतो आहे आणि ते भांडण माझ्यावर काढतो. काढू दे. माणूस बरं होणार असेल तर वावर विकून दवाखाना करावा, एक दिवस उशीर करू नये, हे मीच त्याला लहानपणी शिकवलं आहे. पण उठणार नाही हे ठरल्यावर तिला परक्यांच्या हवाली ठेवून मी बाकावर बसून राहायचं? मी बरोबर होतो, बेटा. हे मी तुला पटवून देतोय की त्याला, ते मला कळेनासं झालं आहे, पण मी बरोबर होतो.

माझ्यापुरतं मी सगळं लिहून ठेवलं आहे. बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर जगवत ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवायचा हक्क सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला, आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, एक मुलाला पाठवली. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी पवनारला अन्न-पाणी-औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. मरण असं सामोरं जाऊन घेणं हे संतांचंच काम, तुझ्या-माझ्यासारख्याचं नाही, असं तेव्हा वाटलं होतं. त्यांच्याएवढं बळ मला आजही नाही. पण मला कुठे झोपवायचं आणि कोणाच्या हातात, एवढं सांगायचा अधिकार साध्या माणसालाही असावा. त्या कागदाच्या खाली मी माझ्या अक्षरात एक ओळ घातली आहे, कायद्याला ती लागत नाही. आंघोळ घरच्यांनी घालावी, पैसे देऊन माणूस बोलवू नये. मुलगा वाचून चिडला. पण वाचलं तर खरं.

आता तुझ्या मुख्य गोष्टीकडे येतो, जी तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये कुठेच नव्हती.

तुझे आजोबा.

आजीसाठी काही वाटलं नाही म्हणून तू पुण्यात रात्री जागतेस आणि तिचा नवरा इथं छपरीत एकटा बसला आहे. तुझे आई-बाबा त्यांचं करतात, जेवण वेळेवर मिळतं, त्यात खोट नाही. पण त्या माणसाला आता कोणी हात लावत नाही. आजी होती तोवर ती त्यांची पाठ चोळायची, कानातले केस कापायची, जेवताना मिशीला लागलेलं पुसायची. परवा गेलो तर पायाची नखं वाढून बाजूच्या बोटात रुतलेली. मी विचारलं, तर म्हणाले, "तेच पाहे ना गुरुजी सारं. आता कोनाले सांगू?"

दुसरी गोष्ट. पीएम किसानचे त्यांचे पैसे अडकले आहेत, ई-केवायसी होत नाही म्हणून. वर्षाचे ६ हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सेतू केंद्रावर मीच घेऊन गेलो होतो. यंत्रावर अंगठा ठेवला, नाही उमटला. पुसून ठेवला, बोटं बदलून पाहिली, नाही. तिफन, वखर, डवरा, मोटेचा दोर, कापसाची बोंडं, एवढं सगळं हातातून गेल्यावर अंगठ्यावर रेघा कुठून राहणार? पोरगा म्हणाला, यायचे ठसेच नाहीत. आजोबा गाडीवर माझ्या मागं बसून घरापर्यंत आपला अंगठा बघत आले. मोबाइलवर चेहरा दाखवूनही ते काम होतं म्हणतात. मला ते जमत नाही. तुला पाच मिनिटांचं आहे.

त्यांच्याजवळ बसताना 'आजोबा, तुम्हाला काय वाटतं' असं विचारू नकोस. ते उत्तर देणार नाहीत आणि तू पुन्हा घाबरशील. त्यांचे पाय धर. आजीचं काही बोलायचं असेल तर ते पाय तुझ्या हातात असताना आपणहून निघेल, नाही निघालं तरी नखं तर निघतील. तुला तेव्हा रडू येईल असं वचन मी देत नाही. आलं तर येऊ दे, नाही आलं तर दुसरा पाय घे. आणि आजीची पेटी अजून कोणी उघडलेली नाही. लुगडी वाटायची आहेत, आत्या तुझ्यासाठी थांबली आहे. तिच्यासोबत बस, घड्या घाल.

सुट्टी मिळत नाही हे मला सांगू नकोस. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स धरलीस तर शनिवारी सकाळी दारव्ह्याला उतरशील, रविवारी रात्री परत. तिथून ऑटो मिळाला नाही तर फोन कर, मी मोटारसायकल घेऊन येतो. येताना मोठं नेलकटर आण, इथल्या दुकानात छोटंच मिळतं आणि त्यांची नखं जाड आहेत. आधी कोमट पाण्यात पाय चांगले भिजव, घाई केलीस तर नख तुटून मांसात जाईल. डाव्या पायाच्या अंगठ्याला जपून, तिथं बैलानं पाय दिलेला आहे, जोर लागला की दुखतं. ते सांगणार नाहीत. आधार कार्ड त्यांच्या उशीखालच्या पिशवीत आहे आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर तुझ्या बाबांचा आहे, तेव्हा बाबांना शनिवारी घरी थांबायला सांग.

तुझे,
गुरुजी